फिर्यादी जनकाबाई

आमच्या सोयाबीनची सुडी पेटवणारं पोरगं सापडलं ते माझ्या सासूलाच.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात बसली होती. बाहेरगावचे वक्ते बोलत होते, आणि आई, म्हणजे माझ्या सासू जनकाबाई, मधेच उठून गेल्या. भाषण लांबलं होतं आणि वावरात म्हैस उन्हात बांधलेली होती, कारण एवढंच. त्या पोचल्या तेव्हा सुडी एका अंगानं धडधडत होती. कापून, शेंगांसकट रचलेलं तीन एकरांचं सोयाबीन. मळणीयंत्र दोन दिवसांत येणार होतं. ते आता वाचत नाही हे त्यांना दुरूनच कळलं, म्हणून त्या सुडीकडे गेल्याच नाहीत. हौदाकडे गेल्या. हौदाआड एक पोरगं उजवा हात पोटाशी धरून बसलं होतं. शेजारी डिझेलची डबकी, म्हणजे छोटा कॅन, पडली होती; भडका उडून त्याचाच हात भाजला होता.

आईंनी आधी त्याला दोन कानाखाली लगावल्या. मग त्याचा हात कोपरापर्यंत हौदात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

धूर पाहून आम्ही धावत गेलो तेव्हा हे दोघं असे उभे. आईंचं पांढरं लुगडं काजळीनं माखलेलं. माझ्या नवऱ्यानं, रवीनं, वाटेतच कुणाच्या कुंपणाचा दांडा उपटला होता. मागे वस्तीतली तरणी पोरं.

"सरक माय," रवी म्हणाला.

"मारायचं तेवढं मी मारलं. तू पोलिसाले फोन लाव."

"आपलं सालभराचं जळून राह्यलं अन् तू त्याचा हात धुऊन राह्यली?"

"दांडा खाली टाक आधी. मंग बोल."

रवीनं दांडा टाकला नाही, पण उगारलाही नाही. आईंसमोर तो कधीच उगारला गेला नसता. सासरे, शंकरराव, गेले तेव्हा रवी चौथीत होता. तेव्हापासून त्या तीन एकरांत आईंनी एकटीनं पेरलं, निंदलं, काढलं. चालणं भरभर, आवाज असा की धुऱ्यापलीकडच्या वावरातला माणूसही ओ देईल. शाळा चौथीपर्यंत. कुणी 'बिचारी' म्हणालं तर त्या माणसाशी महिनाभर बोलत नाहीत. लग्न होऊन मी आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. नंतर लक्षात आलं की त्यांच्या बाजूला बसलेल्या माणसाला भीती नसते, समोर बसलेल्याला असते.

पोरगं ओळखीचं होतं. राम. सोळा वर्षांचा. त्याचा बाप निवृत्ती हा शेषरावांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. निवृत्ती, त्याची बायको कौशल्याबाई आणि हा एकुलता पोरगा, तिघं शेषरावांच्या मळ्यातल्या खोलीत राहत. रामनं नववीत शाळा सोडली होती आणि शेषरावांचा ट्रॅक्टर चालवायला शिकला होता. शेषराव गावातले मोठे जमीनदार. आमच्या वावराच्या दोन्ही बाजूंना त्यांचंच रान. मोठ्या महामार्गाकडे जाणारा नवा रस्ता आमच्या बांधावरून निघाल्यापासून त्यांनी दोनदा निरोप पाठवला होता, वावर द्या म्हणून. आईंनी दोनदा नाही म्हटलं होतं.

"काऊन जाळली बे?" आईंनी रामला विचारलं. तो पाण्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी फिर्याद द्यायला आम्ही तिघं ठाण्यात गेलो. तिथं राम फरशीवर बसवलेला. त्याच खोलीत दोन दारुडे आणून टाकले होते. रामचा चांगला हात दोरीनं बाकाच्या पायाला बांधलेला, भाजलेला हात तसाच उघडा. आई दारातच थांबल्या. भिंतीवर एक फलक रंगवलेला होता, मुलांच्या हक्कांचा.

"रेणुका," त्या मला म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवू नये. बेडी घालू नये. मोठ्या आरोपींसोबत बसवू नये. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं.

जमादार हसला. "बाई, सुडी तुमचीच जळाली ना?"

"माहीच जळाली. फिर्यादीबी मीच हावो. दोरी सोडा, मंग फिर्याद सांगते."

"अन् नाही सोडली तर?"

"त मी इथंच बसून राह्यते."

त्या खरंच बसल्या. रामशेजारी, फरशीवर, त्या काळ्या पडलेल्या लुगड्यात. रवी लाजेनं बाहेर गेला. मी उभी राहिले, कारण मला बसावं की नाही तेच कळेना. थोड्या वेळानं साहेब आले, त्यांनी एकदा आईंकडे, एकदा फलकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोड रे त्याला. दवाखान्यात ने." मग फिर्याद लिहिली गेली. आईंनी दोन गोष्टी हट्टानं लिहवून घेतल्या. एक, पोराचा हात भाजलेला आहे. दुसरी, डिझेलची डबकी सालदाराच्या घरची असू शकत नाही, ती कुठून आली ते शोधावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती अंगणात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"मावशी, पोराचं चुकलं. पण फिर्याद वापस घ्या, असं मी म्हणत नाई. चालू द्या. गोविंदाभाऊ म्हणतात, सोळा वर्साचं हाये, त्याले काई होत नाई. चार दिवसांत घरी येईन."

गोविंदा म्हणजे शेषरावांचा मुलगा. आई चुलीपाशी होत्या, त्या बाहेर आल्या.

"गोविंदाले त्याचं वय कसं माहीत?"

"त्यानं इचारलं होतं ना. पोळ्याच्या टायमाले. आधार कार्डबी पाह्यलं."

"काऊन पाह्यलं?"

निवृत्तीला तोवर खरंच कसला संशय आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ट्रॅक्टरच्या कामासाठी विचारलं असेल असं तो पुटपुटला. मग अंगणातच उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"तुह्या पोराचं वय पाहून त्याच्या हातात डबकी देल्ली निवृत्ती," आई म्हणाल्या. "बैल घेताना दात पाह्यतात, तसं."

त्याच दिवशी रामला बुलडाण्याला मंडळापुढे नेणार होते. आई म्हणाल्या, आपणही जायचं. रवी म्हणाला, मी येत नाही. मी गेले. निवृत्तीला मळ्यातून सुट्टी मिळाली नाही, कौशल्याबाई एकट्याच आल्या. सुलतानपूरहून मेहकर, मेहकरहून चिखली, तिथून बुलडाणा. एसटीत कौशल्याबाई आमच्यापासून दोन बाकं मागे बसल्या. चिखलीला आईंनी त्यांना हाक मारून शेजारी बोलावलं आणि भाकरीचा अर्धा भाग हातात ठेवला. त्यांनी ती घेतली. गावात आमच्या घरचं त्यांनी आजवर कधी खाल्लं नव्हतं.

मंडळाची खोली कोर्टासारखी नव्हती. टेबलाच्या एका बाजूला न्यायाधीश आणि दोन सदस्य, दुसऱ्या बाजूला खुर्च्या. रामला खुर्ची दिली होती. वकील सरकारनं दिलेला. कागदावर त्याचं नाव 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असं होतं. आईंनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, कायद्याशी ज्याचं वाकडं आलंय असं मूल. "मूल म्हणतात ना पण?" आई म्हणाल्या. "हाव," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

फिर्यादी म्हणून आईंना विचारलं, मुलाला जामीन द्यायला तुमची हरकत आहे का?

"सोडा त्याले. माही हरकत नाई. पण मळ्यातल्या खोलीत नका पाठवू. ज्यानं त्याच्याकून हे करवून घेतलं, त्याच्याच दारात तो जाईन."

"कुणी करवून घेतलं, तुम्ही पाहिलं का?"

"नाई पाह्यलं. पण त्याच्या बापाले वय इचारलं होतं, ते ऐकलं."

परिविक्षा अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम होत्या. मुलगा कुठं राहील, काय करेल याचा अहवाल त्यांनी द्यायचा असतो. त्यांनी कौशल्याबाईंना विचारलं, दुसरं घर आहे का? कौशल्याबाईंनी नाही म्हटलं. तेव्हा आई म्हणाल्या, आमच्या मागची एक खोली रिकामी आहे, माय-लेक तिथं राहतील. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हीच फिर्यादी आहात. त्याच्याविरुद्ध."

"हाव. त्यानं माही सुडी जाळली, ते मी सोडून राह्यली नाई. त्याचं जे करायचं ते करा. पण त्याले कोणाच्या घशात नका घालू."

लगेच काही झालं नाही. राम निरीक्षणगृहात राहिला, मॅडम गावात येऊन आमची मागची खोली पाहून गेल्या, कौशल्याबाईंशी एकट्यात बोलल्या. मग जामीन झाला. अट अशी की मुलानं आपल्या आईसोबत त्या खोलीत राहायचं, शेषरावांच्या मळ्यावर जायचं नाही आणि शिक्षण पुन्हा सुरू करायचं.

घरात रवी तीन दिवस बोलला नाही. वस्तीतही कुरकुर झाली. विहारात बैठक बसली, तेव्हा पोरं म्हणाली, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लावा, सगळ्यांवर लावा, पोरावरही. आई म्हणाल्या, "ज्यानं डबकी देल्ली त्याच्यावर लावा, मी पुढं येते. पोरावर लावान त मी सही देत नाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "तुमचं नुकसान, तुमची दया."

"दया नाई," आई म्हणाल्या. "माह्यावर सोळा वर्साचं पोरगं सोडलं त्यानं. मोठा माणूस पाठवला असता त मी त्याच्याशी लढली असती. पोराशी लढून मी काय जिंकू? मले त्याच्याशीच लढाचं हाये, जो दिसून नाई राह्यला."

राम खोलीत राहायला आला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यानं खुरपं घेतलं आणि वावराकडे निघाला. जळकी जागा साफ करतो म्हणाला. आईंनी खुरपं काढून घेतलं.

"माह्या वावरात तू काम नाई कराचं. काम करून तुले वाटंन फिटलं. फिटलं नाई ते. तू सतरा नंबरचा फॉर्म भर अन् दहावीले बस."

बाहेरून परीक्षेला बसायचा तो फॉर्म मी भरून दिला. रोज संध्याकाळी गणित मी घ्यायचे. मुलगा हुशार नव्हता, मठ्ठही नव्हता. हात बरा होत होता, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच.

दिवाळीनंतर शेषराव स्वतः आले. सोबत गावातले दोन प्रतिष्ठित. मी चहा ठेवला. शेषराव गोड बोलतात, आवाज कधी चढवत नाहीत.

"जनकाबाई, निवृत्ती माझा गडी. त्याच्या पोरानं केलं म्हणजे जबाबदारी माझीच. तुमच्या सोयाबीनचा आजच्या भावानं हिशेब करा, मी देतो. मिटवून टाकू. पोराच्या जन्माचं नुकसान कशाला?"

रवी दारात उभा होता. त्याला वाटत होतं घ्यावं, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. हरभरा पेरायला बियाणं उसनं आणलं होतं आम्ही.

आईंनी शेषरावांना नीट पाहिलं. "सोयाबीनचे पैसे तुमी काऊन देता शेषरावभाऊ? तुमी जाळली काय?"

शेषरावांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. "चांगल्यासाठी आलो होतो," असं म्हणून ते उठले. त्यांच्या मागोमाग ते दोघंही. रवी त्यांना वाट द्यायला सरकला. मग आत येऊन आईंना म्हणाला, "त्यायचा चेहरा पाह्यला तू?" "पाह्यला," आई म्हणाल्या. त्या दिवसापासून रवीनं पैशाचं नाव काढलं नाही. पुढच्या तारखेला तो आमच्यासोबत आला.

त्याच तारखेहून परतताना राम बोलला. दुपारची एसटी, चिखलीच्या पुढं. तो खिडकीशी, शेजारी आई, मागच्या बाकावर मी, रवी आणि कौशल्याबाई. आईंनी हौदापाशी विचारल्यानंतर त्याला परत कधीच काही विचारलं नव्हतं. बाहेर बघत तो आपणहून म्हणाला, "गोविंदादादानं देल्ली डबकी."

आईंनी मान त्याच्याकडे वळवली.

"म्हणला, ट्रॅक्टर तुह्याच हाती देतो कायमचा. म्हणला, तू अठराच्या आत हायेस, तुले काई होत नाई. मले वाटलं आजी, त्याचा माह्यावर भरोसा हाये."

"त्याचा तुह्यावर नाई, तुह्या वयावर भरोसा होता."

रामचे खांदे हलायला लागले. आईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे तिथं सांगशीन?"

"बाबाची सालदारी जाईन."

"जाईन," आई म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही.

मागून कौशल्याबाई उठल्या. एसटी हलत होती, बाकाला धरून त्या पुढं आल्या आणि लेकाच्या डोक्याशी वाकून म्हणाल्या, "जाऊ दे सालदारी. तू सांग. तू नाई सांगतलं त मी सांगते, तुह्या बापाले वय इचारलं तवा मीबी तिथंच होती."

आम्ही आधी ठाण्यात गेलो. साहेब बदलून नवे आले होते. ते म्हणाले, प्रकरण मंडळापुढं आहे, आता नवीन काय? आईंनी वाद घातला नाही. पुढच्या तारखेला रामनं मंडळापुढं सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक होता की सदस्यबाईंनी दोनदा पुन्हा विचारलं, आणि त्यानं दोनदा पुन्हा सांगितलं. मंडळानं पोलिसांना तपास करायला लिहिलं. गोविंदावर गुन्हा दाखल झाला. त्यात लहान मुलाकडून गुन्हा करवून घेतल्याचं कलमही होतं. त्याला अटक झाली, काही आठवड्यांनी तो जामिनावर सुटला आणि गावात बुलेटवर फिरायला लागला.

निवृत्तीची सालदारी गेली. खोलीतलं सामान मळ्याच्या फाटकाबाहेर टाकलं गेलं. रवी हातगाडी घेऊन गेला आणि त्यानं व निवृत्तीनं ते उचलून आणलं. निवृत्ती आता जानेफळला एका दालमिलमध्ये हमाली करतो आणि रविवारी येतो. शेषरावांनी आमच्या वावराकडे जाणारी वाट काटे टाकून बंद केली. आई नाल्यातून जातात. तहसीलला अर्ज दिला आहे, त्याच्याही तारखा पडतात.

रामचं प्रकरण उन्हाळ्यात संपलं. त्यानं कबूल केलं होतं, म्हणून गुन्हा सिद्धच धरला. मंडळानं त्याला कुठं पाठवलं नाही. समुपदेशन, मॅडमची देखरेख आणि काही महिने सुट्टीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाडांना पाणी, आवाराची सफाई. निकाल ऐकून बाहेर आल्यावर आई त्याला म्हणाल्या, "जास्ती झालं का कमी?" तो म्हणाला, "बरोबर झालं." दहावीत त्याचे दोन विषय राहिले. गणित निघालं, इंग्रजी आणि विज्ञान राहिलं. तो पुन्हा बसणार आहे.

आता गोविंदाचा खटला मेहकरच्या कोर्टात चालू आहे. राम त्यात साक्षीदार. परवा त्याची साक्ष होती, पण गोविंदाचा वकील आला नाही आणि पुढची तारीख पडली. आम्ही पायऱ्या उतरत होतो. खाली गोविंदा दोन मित्रांसोबत उभा होता. राम जवळून जाताना तो हळूच म्हणाला, "पुढच्या तारखेले येऊन दाखव बे. वापस कसा जातं ते पाह्यतो."

रामची आखडलेली बोटं शर्टाच्या टोकाशी चाळा करायला लागली. मी त्याला ओढून एसटी स्टँडच्या दिशेनं नेऊ लागले.

आई थांबल्या. "काय म्हणला तो?"

"काई नाई आजी. चाल."

"काय म्हणला, रेणुका?"

मी सांगितलं. आईंनी रामचा हात धरला, तोच भाजलेला, आणि आल्या पावली पायऱ्या चढायला लागल्या. गोविंदा बघतच राहिला.

"आई, तारीख पडली आता," मी म्हटलं. "आज काही होणार नाही."

"तारीख पडली. कोर्ट उठलं नाई अजून," आई म्हणाल्या, आणि रामकडे वळून, "आत्ता जे ऐकलं ते न्यायाधीशाले सांगाचं. जसंच्या तसं. 'बे' म्हणला तेबी सांग."

रामनं एकदा खाली गोविंदाकडे पाहिलं. मग आपला हात आईंच्या हातातून सोडवून घेतला आणि त्यांच्या पुढं होऊन कोर्टाच्या दारातून आत गेला.